टाकी क्रमांक तीन आणि आमचे साडू

११ जानेवारी
आजच्या पेपरात पालिकेची जाहिरात. जुनं जलशुद्धीकरण केंद्र बंद होऊन सहा वर्षं झाली. ती जागा आता लोकांच्या विरंगुळ्यासाठी वापरायची आहे, म्हणून नागरिकांकडून आराखडे मागवलेत. मुदत अठ्ठावीस फेब्रुवारी. त्यातले पाच निवडून जागेवरच, लोकांसमोर मांडायचे.

जाहिरात तीनदा वाचली. पालिकेकडे माझा पत्ता नसावा, म्हणून पेपरात दिली. पाणीखात्याच्या मुख्य कचेरीत तिसऱ्या मजल्यावर मी एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. त्या केंद्राचा मूळ नकाशा जीर्ण होऊन हातात तुकडे यायला लागले, तेव्हा त्याची नवी ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावरची प्रत, मीच केली. पुढे अख्खं खातं माझ्या ट्रेसिंगवर चाललं. तिथला एकूणएक पाइप मला पाठ आहे.

प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात दोन चौकोन असायचे. 'संकल्पना' या चौकोनात कुठल्या तरी साहेबाचं नाव. 'रेखाटन' या चौकोनात माझं. एकतीस वर्षं खालच्या चौकोनात काढली. एकदा, फक्त एकदा, वरच्या चौकोनात जायचं आहे.

हिला सांगितलं. ही म्हणाली, छान आहे, येताना दूध आणा.

१५ जानेवारी
मेहुणीचा फोन. साडूसुद्धा आराखडा देणार म्हणे.

हसू आलं. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. जन्मभर चपलांचं दुकान चालवलं. नकाशा उलटा धरला की सुलटा, त्यांना कळणार नाही. मी हसत होतो तेव्हा ही माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, काही का असेना, माणूस उत्साही आहे.

या घरात माझ्याबद्दल 'उत्साही' हा शब्द कधी वापरला गेला ते आठवायचा प्रयत्न केला. साडू माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. सगळे दात स्वतःचे. जिना एका दमात चढतात आणि वर पोचल्यावर बोलूसुद्धा शकतात.

संकल्प : काम सुरू करायचं. साडूंचा विचार करायचा नाही.

१६ जानेवारी
सकाळी ९.१५. साडूंचा विचार केला नाही.
९.४०. केला.

२१ जानेवारी, रविवार
पालिकेने ती जागा रोज संध्याकाळी पाच ते सात लोकांसाठी उघडी ठेवली आहे. या, फिरा, मग सुचवा, असं पालिकेतल्या नियोजनवाल्या बाईंचं म्हणणं. साडू रोज जातात. आज ही आणि मेहुणीपण त्यांच्याबरोबर गेल्या. मलाही बोलावलं होतं.

मी गेलो नाही. जागा बघायला जाणं म्हणजे आपल्याला नकाशा वाचता येत नाही याची जाहीर कबुली. मी नोकरीतसुद्धा एकदाही गेलो नाही. तिसऱ्या मजल्यावरून मला सगळं दिसायचं.

ही साडेसातला आली. गाल लाल. म्हणाली, गेटातून आत गेलं की डावीकडे पंपहाउस, किती जुनं आणि सुंदर. म्हटलं, उजवीकडे. ती म्हणाली, डावीकडे. मी ट्रेसिंगची प्रत काढून दाखवली. पंपहाउस उजवीकडे, स्वच्छ, शाईत. ती म्हणाली, पण मी आत्ताच जाऊन आले. मी सोडून दिलं. दिशांचं ज्ञान सगळ्यांनाच असतं असं नाही.

मग ती भांडी आवरता आवरता म्हणाली, नोकरीत होतात तेव्हा मी दोनदा म्हटलं होतं, ते केंद्र दाखवा. तुम्ही म्हणालात, तिथे बघण्यासारखं काय आहे.

मला असलं काही आठवत नाही.

२८ जानेवारी
काम झपाट्याने चाललंय. नाव ठरलं : 'बहुउद्देशीय जनविरंगुळा संकुल'. साडूंना हे नाव एका दमात म्हणता येणार नाही. दात असूनही.

आतापर्यंत : संगीत कारंजं, गोल टाकीत खुलं नाट्यगृह, पंपहाउसात वाचनालय, बुद्धिबळाचा भव्य पट, नौकाविहार. गाळाच्या खड्ड्याला वळसा घालून मुलांचे झोके. मोठ्या झाडाखाली तिकीट खिडकी, कारण सावलीत लोक रांगेत शांत उभे राहतात. हे शास्त्र आहे.

२ फेब्रुवारी
ही आता रोज जाते. आज नवे बूट घालून गेली. पांढरे, निळ्या पट्ट्याचे. साडूंनी दिले. दुकान आता मुलाकडे असलं तरी गोदामाची किल्ली अजून त्यांच्याच खिशात असते.

विचारलं, माप कसं कळलं त्यांना. ही म्हणाली, त्यांनी नुसतं पायाकडे बघितलं आणि सांगितलं.

संसाराला चौतीस वर्षं झाली. हिच्या पायाचं माप मला माहीत नाही. विचारायला गेलो, पण आता विचारलं असतं तर ते साडूंमुळे विचारलं असं झालं असतं. म्हणून विचारलं नाही.

५ फेब्रुवारी
ही म्हणाली, संध्याकाळी त्या मोठ्या झाडाची सावली बरोब्बर तीन नंबरच्या टाकीवर येते. पोरं टाकीच्या उतारावरून घसरतात आणि बाकीचे काठावर पाय सोडून बसतात. साडू थर्मासमधून चहा देतात.

सावलीची गोष्ट मला पटेना. नकाशावर झाड टाकीच्या पूर्वेला आहे. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला. म्हणजे सावली आणखी पूर्वेला, पार शेजारच्या लाँड्रीच्या भिंतीकडे जायला हवी. टाकीवर पडणं अशक्य. पट्टी आणि कोनमापक घेऊन हिला सिद्ध करून दाखवलं. वीस मिनिटं लागली.

ही सगळं ऐकून म्हणाली, बरं. पण तिथे गार वाटतं.

चहाचा मुद्दा मी काढला नाही. हिला थर्मासमधला चहा कधीच आवडत नसे. आमच्याकडे थर्मास आहे. वर माळ्यावर, कोऱ्या खोक्यात.

१४ फेब्रुवारी
साडू घरी आले होते. माझ्या शीट्स पाहून त्यांनी तीनतीनदा वा म्हटलं. मनात जळत असणार. माणूस मनापासून कौतुक करतो असं दाखवण्यात ते पटाईत आहेत.

त्यांचा आराखडा विचारला. म्हणाले, दादा, आराखडा कसला, मी आपला लोकांच्या पायांकडे बघतो. चपलेचा तळ कुठे झिजला ते पाहून माणूस कसा चालतो ते कळतं, तसं गवत कुठे झिजलंय ते पाहतो. लोक चालतायत तिथे वाट करायची. बसतायत तिथे बाक टाकायचा.

म्हणजे लोक आधीच जे करतात तेच करू द्यायचं. याला योजना म्हणत नाहीत. मी नुसता हसलो. ते गेल्यावर ही म्हणाली, दात दुखतोय का.

२८ फेब्रुवारी
आराखडा सादर. चौदा शीट्स, सोबत अकरा पानी टिपण. 'संकल्पना' या चौकोनात नाव दोनदा गिरवलं. शाई फिकी होती म्हणून.

पालिकेच्या खिडकीशी साडू भेटले. त्यांच्या हातात कॅलेंडरचं पान. मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने लिहिलं होतं : वाट. बाक. टाकीचा उतार पोरांना तसाच. झाडाला हात लावू नये, शेजारी एक बाक.

कारकुनाने दोन्हींवर एकाच शिक्क्याने ठप्पा मारला. मला ते बरं वाटलं नाही.

१२ मार्च
निवड झाली. पाचांत माझं नाव.

ही खूश झाली. खरंच झाली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. बऱ्याच दिवसांनी आज मी जिना भराभर चढलो. सोसायटीच्या वॉचमनला थांबवून सांगितलं. तो म्हणाला, हो, ते चपलेवाले काका सांगून गेले मघाशी. त्यांचंपण आलंय ना.

त्यांचंपण आलंय. मला कोणी सांगितलं नाही. पाच म्हणजे तसे फारच आराखडे झाले. तीन निवडायला हवे होते.

जेवलो नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं.

१५ मार्च
निवडलेल्यांनी पक्के नकाशे, मापासकट, सभेच्या आधी आणायचे आहेत. मेहुणीचा हिला फोन : भावोजी काढून देतील का यांचा नकाशा? यांना रेघ सरळ येत नाही.

अंगाचा तिळपापड झाला. पण मग विचार केला, नाही म्हटलं तर मी घाबरलो असं दिसेल. हो म्हटलं. शिवाय माझ्या हातचा नकाशा मिळाला की त्यांच्या कल्पनेचं दारिद्र्य अधिकच उठून दिसेल.

१७ मार्च
साडूंचा नकाशा काढला. जुनी ट्रेसिंग खाली ठेवून पारदर्शक फिल्मवर. साडू शेजारी बसून सांगत होते : गेटापासून पंपहाउसकडे अशी वाट. झाडाच्या टाकीकडच्या अंगाला बाक.

मनात आलं, बाक सरळ टाकीत टाकावा. कोण बघणार आहे. टाकला नाही. सांगितलं तिथेच काढला. तेवढी सचोटी माझ्यात आहे आणि तिची नोंद इथे व्हायला हवी, कारण आणखी कुठे होणार नाही.

शेवटी कोपऱ्यातले दोन चौकोन. 'संकल्पना' : साडू. 'रेखाटन' : मी.

पेन उचललं, टोक पुसलं, परत एकदा पुसलं. साडू म्हणाले, दादा, दोन्हीकडे तुमचंच घाला, मला काय करायचंय. तेव्हा मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आजवर आला नव्हता. त्यांना तो चौकोन नकोच आहे, आणि मिळतोही त्यांनाच.

२० मार्च
साडूंचा फोन. म्हणाले, नकाशा घेऊन जागेवर गेलो, आधी जुळेना, मग युक्ती कळली. फारच हुशारीचं काम आहे दादा. मी म्हटलं, अनुभव आहे. कुठली युक्ती ते विचारलं नाही. कौतुक करणाऱ्याला मध्ये तोडू नये.

२४ मार्च, दुपार
उद्या सभा. भाषण आरशासमोर चार वेळा केलं. हिला म्हटलं, पुढच्या रांगेत बस. ती म्हणाली, बहिणीने आम्हा सगळ्यांसाठी आधीच जागा धरल्यात, तुम्ही काळजी करू नका. हिने बूट काढून दाराशी ठेवले होते. तळाशी आकडा असतो म्हणून उचलून पाहिला, पण तो झिजून गेला होता. इतकी चालते ही.

२५ मार्च
लिहू नये असं वाटत होतं. पण कचेरीची शिस्त आहे, नोंद राहिली पाहिजे.

मी पहिल्यांदाच त्या गेटातून आत गेलो. पंपहाउस डावीकडे होतं.

म्हटलं, दुसरं गेट असेल.

सभा पंपहाउसातच होती. चिठ्ठ्या टाकल्या, माझा पहिला नंबर. नियोजनवाल्या बाईंनी जागेचा वरून काढलेला फोटो भिंतीवर लावला आणि त्यावर माझा पारदर्शक फिल्मवरचा नकाशा ठेवला. जागेला एका बाजूला जिभेसारखा तुकडा आहे. माझा तुकडा दुसऱ्याच बाजूला निघाला. संगीत कारंजं थेट शेजारच्या लाँड्रीच्या अंगणात. झोके गाळाच्या खड्ड्यात, अठरा फूट खोल. लाँड्रीवाला मागून उठला आणि म्हणाला, कारंज्याला माझी हरकत नाही, पण चादरी वाळत कुठे घालू तेवढं सांगा.

लोक हसले. बाईंनी हळूच विचारलं, काही गडबड झाली का. मी म्हणालो, फोटो चुकला आहे.

यावर कोणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं.

मग साडू उठले. त्यांचा नंबर नव्हता, तरी उठले. म्हणाले, अहो थांबा, दादांचे नकाशे असे बघायचे नसतात. टेक्निकल माणसं ते मागून बघतात. मलापण आधी माहीत नव्हतं. मी इथे जागेवर उन्हात फिल्म उलटी धरली आणि सगळं फटकन जुळलं. असं म्हणून त्यांनी माझी शीट काढली, उलटी केली आणि लावली. कारंजं लाँड्रीतून आत आलं. झोके खड्ड्यातून वर आले. झाड टाकीच्या पश्चिमेला गेलं.

ते हे अभिमानाने सांगत होते. माझ्याकडे बघून मान हलवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात म्हातारा चावीवाला उभा राहिला. केंद्रातले पाण्याचे व्हॉल्व्ह जन्मभर त्यानेच फिरवले. म्हणाला, हे खरं आहे. मुख्य कचेरीतून हा नकाशा आला तेव्हापासून आम्ही तो उलटाच बघतो. नव्या माणसाला कामावर घेतलं की पहिल्या दिवशी हेच शिकवायचं, उन्हात धर आणि मागून वाच. वर कळवलं नाही, म्हटलं साहेब लोकांची काहीतरी पद्धत असेल.

म्हणजे तेव्हा मूळ नकाशा मी टेबलावर पालथा ठेवला होता. जीर्ण, तेलकट, दोन्हीकडून सारखाच दिसणारा. रेघा उलट्या उतरवल्या आणि अक्षरं सुलटी घातली. सेवानिवृत्तीपर्यंत कोणाला कळलं नाही, कारण तिसऱ्या मजल्यावरून कोणी खाली आलं नाही आणि खालून कोणी वर आलं नाही.

मत घेतलं. माझा नकाशा आता बरोबर बसत होता, हे लक्षात घ्या. तरी मला चार मतं. एक लाँड्रीवाल्याचं. एक साडूंचं, त्यांनी हात उंच केला होता. साडूंच्या वाटेला आणि बाकाला एकशे बारा. बाई म्हणाल्या, तुमचं काम सुरेख आहे, पण चौदा शीट्समध्ये नुसतं बसायला एकही जागा नाही आणि झाडाखाली तिकीट खिडकी आहे.

हिने कोणाला मत दिलं ते मी पाहिलं नाही. डोळे मिटले होते.

२६ मार्च
मला साडूंचा हेवा वाटतो. एकदाच लिहितो, ही वही कोणी वाचत नाही. दातांचा नाही, बुटांचा नाही. त्यांनी काल मला वाचवलं आणि आपण वाचवलं हे त्यांना कळलंसुद्धा नाही, त्याचा वाटतो.

२७ मार्च
कालची नोंद अशक्तपणात झाली. रद्द समजावी.

३ ऑगस्ट
उत्तम बातमी. नियोजनवाल्या बाई स्वतः घरी आल्या. उद्यानात जागेचा इतिहास सांगणारं काहीतरी हवं आहे, तर जुनी ट्रेसिंग द्याल का, काचेत लावू. कायमची. सहीसकट.

शेवटी गुणांची कदर झालीच. हिला म्हटलं, बाक मोडतात, वाटा उखडतात, काच राहते. साडूंना लगेच फोन करून कळवलं. ते इतके खूश झाले की माझा अर्धा आनंद गेला.

९ नोव्हेंबर
परवा उद्घाटन. शर्ट इस्त्रीला दिला. लाँड्रीवाला म्हणाला, कारंजं आलं असतं तर बरं झालं असतं. या शहरात दूरदृष्टीचा एक तरी माणूस आहे.

माळ्यावरून थर्मास काढला, धुतला. झाकणाची चकती कडक होऊन तडकली होती.

११ नोव्हेंबर
उद्घाटन सायंकाळी पाचला. दहा मिनिटं आधीच गेलो. काच कुठे आहे ते विचारावं लागलं नाही. पंपहाउसाच्या दारात, दोन खांबांमध्ये, उभी. दोन्ही बाजूंनी मोकळी. पुढच्या बाजूला माझी ट्रेसिंग, माझी अक्षरं, कोपऱ्यात 'रेखाटन' आणि माझं नाव. काचेवर एक बाण आणि शब्द : मागून पाहा.

लोक आले आणि सगळेच्या सगळे मागे गेले. मागून पाहिलं की नकाशा आणि जागा जुळते, पोरं बोट ठेवून टाकी शोधतात, त्यांना गंमत वाटते. मागून माझं नाव उलटं दिसतं. साडू तिथेच उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला ते नाव वाचून दाखवत होते. म्हणत होते, उलटं आहे, पण आमच्या साडूंचंच आहे, सगळं हाताने काढलंय, एक रेघ वाकडी नाही.

मी पुढच्या बाजूला उभा राहिलो. तिथे मी एकटाच होतो. नाव सुलटं वाचायचं तर तिथूनच. पाऊण तास वाचलं. काचेतून, माझ्याच पाइपांच्या रेघांमधून पलीकडचे चेहरे दिसत होते. हीसुद्धा. साडू काहीतरी म्हणाले आणि ही हसली. चौतीस वर्षांत मी तिला अशी समोरून हसताना फार पाहिलेली नाही.

मग ही वळसा घालून माझ्या बाजूला आली. मला वाटलं, नाव वाचायला आली. मी जरा ताठ झालो. ती म्हणाली, अहो, जरा बाजूला व्हा, तुमच्यामुळे मागच्या लोकांना उजेड मिळत नाही.

झालो.

विचारलं, तुझ्या पायाचं माप काय. म्हणाली, सहा. आणि मला टाकीकडे घेऊन गेली. झाडाची सावली टाकीवर पडली होती. शेजारच्या बाकावर चौघं मावतात. तीन जण दाटीवाटीने बसले होते आणि चौथ्या जागेवर साडूंची टोपी ठेवलेली होती. विचारलं तर ते तिघं म्हणाले, चपलेवाल्या काकांनी दोन तासांपासून त्यांच्या साडूंसाठी धरून ठेवली आहे.